किती मिनिटं खेळलास?

श्रोतेहो, नमस्कार.

आज जानेवारी महिन्यात जन्मलेल्या मुलांविषयी बोलायचं आहे, आणि डिसेंबरात जन्मलेल्यांविषयी त्याहून जास्त. विषय फुटबॉलचाच आहे. पुण्यात लहान मुलांना फुटबॉल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या शहरातली गुणी मुलं खेळातून का गळतात, हा प्रश्न मला रोज पडतो, आणि त्याचं उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा जन्मतारखांपाशीच येऊन थांबतो.

मुलांच्या स्पर्धांमध्ये वयोगट साधारणपणे १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे दहा वर्षांखालच्या एकाच संघात जानेवारीतला एक मुलगा असतो आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा. कागदावर दोघं एकाच वयाचे. प्रत्यक्षात त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. मोठ्या माणसाला एक वर्ष म्हणजे काहीच नाही, पण दहा वर्षांच्या पोरासाठी ते त्याच्या आयुष्याचा दहावा हिस्सा असतं. १९८५ मध्ये कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरच्या हॉकीत हे दाखवून दिलं. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी होती. पुढे फुटबॉलमध्ये देशोदेशी हेच आढळलं. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली मुलं अकादमीत भरपूर, शेवटच्या तीन महिन्यांतली जेमतेम. जानेवारीतल्या मुलांच्या पायात देवानं काही वेगळं घातलेलं नसतं. निवड करणाऱ्याला त्या दिवशी ती मोठी दिसतात, एवढंच.

त्यात भर पडते ती वयात येण्याची. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण ही झाली सरासरी. कुणाला अकराव्या-बाराव्या वर्षीच मिसरूड फुटू लागतं, कुणाचा आवाज सोळाव्या वर्षापर्यंत फुटत नाही. तेरा वर्षांखालच्या सामन्यात या दोघांची टक्कर होते, आणि बाहेरून आपण म्हणतो, "तो बघ, काय खेळतोय!" तो खेळत नसतो. तो लोटत असतो.

अशा वेळी कोचसमोर दोन वाटा असतात. करंडक हवा असेल तर उंच मुलाला पुढे उभं करायचं, बचावातल्या दणकट मुलाला सांगायचं, "लांब मार," आणि उंच मुलानं धावत जाऊन गोल करायचा. बारा वर्षांखालच्या स्पर्धेत ही युक्ती हमखास चालते. क्लबच्या पानावर करंडकाचा फोटो झळकतो, पुढच्या उन्हाळी शिबिराला गर्दी होते. त्या फोटोत मागच्या रांगेत कोपऱ्यात दोन-तीन किरकोळ मुलं उभी असतात. स्वच्छ जर्सी, गळ्यात मेडल. स्पर्धेत ती शेवटची पाच मिनिटं उतरलेली असतात, तीही संघ तीन गोलांनी पुढे असेल तरच.

मला सगळ्यात काळजी या मुलांची वाटते. पण त्या उंच मुलाचंही भलं झालेलं नसतं, हे लक्षात घ्या. पंधरा-सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात. तोवर त्याला डाव्या पायानं चेंडू थांबवावा लागलेला नसतो, गर्दीतून वाट काढावी लागलेली नसते, कारण त्याची गरजच पडलेली नसते. आता अचानक तो सामान्य दिसू लागतो. त्याला वाटतं आपला खेळ बिघडला. दहावीचं वर्ष येतं, क्लास लागतो, बूट माळ्यावर जातात. लहान चणीचा मुलगा बाराव्या वर्षी कंटाळून गेलेला असतो, मोठा सोळाव्या वर्षी. क्लबकडे करंडक उरतो.

नॉर्वेत ब्रिने नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या क्लबात एका पिढीची चाळीसेक मुलं एकत्र वाढली. कोचनी ठरवलं होतं की कुणाला काढायचं नाही, सगळ्यांना खेळवायचं. बहुतेक मुलं सोळाव्या वर्षापर्यंत खेळत राहिली, आणि त्यांतली काही पुढे व्यावसायिक झाली. त्या मुलांत एक सडपातळ, उशिरा उंच झालेला पोरगा होता, आजचा जगप्रसिद्ध आघाडीचा खेळाडू अर्लिंग हालांड. आज त्याच्या देहयष्टीकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण बारा-तेराव्या वर्षी केवळ अंगकाठीवर निवड झाली असती तर तो नक्की मागे पडला असता. नॉर्वेत मुलं ज्या वर्षी अकरा वर्षांची होतात, त्या वर्षापर्यंत गुणतक्ते, क्रमवारी वगैरे ठेवूच नये असा नियम आहे. मुलं सामने खेळतात, जिंकतात, हरतात, रडतातसुद्धा. मोठी माणसं त्याचा तक्ता मांडत नाहीत, एवढंच.

जर्मनीनंही २०२४-२५ च्या हंगामापासून मुलांच्या फुटबॉलची रचना देशभर बदलली. सहा-सात वर्षांखालची मुलं दोनास दोन किंवा तीनास तीन खेळतात, तीही छोट्या गोलांवर. आठ-नऊ वर्षांखालची पाचास पाचपर्यंत, दहा-अकरा वर्षांखालची सातास सातपर्यंत. चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या देशाला हे करावंसं वाटलं, याची कारणं आपल्या मैदानावरही दिसतात.

रविवारी सकाळी एखादा सामना बघायला जा. दहा-अकरा वर्षांची मुलं, मोठ्या माणसांचं पूर्ण मैदान, अकरास अकरा. गोलकीपरच्या जागी साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीचा मुलगा उभा आहे. गोल सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर उंच. आडवा खांब त्याच्या डोक्यावर आणखी मीटरभर. कुणीतरी लांबून नुसता उंच फटका मारतो, चेंडू त्याच्या बोटांच्या वरून आत जातो आणि सगळे त्या पोराकडे बघतात. त्यानं काय करायला हवं होतं? उडायला हवं होतं?

आता उजव्या बाजूच्या मुलाकडे बघा. फक्त त्याच्याकडे, दहा मिनिटं. त्याच्याकडे चेंडू कितीदा आला? एकदा, दोनदा. बाकी वेळ तो उन्हात उभा आहे, मोजे ओढतोय, समोरच्या मुलाशी गप्पा मारतोय. हाच मुलगा संध्याकाळी टर्फवर चारास चार खेळताना पाहा. चेंडू सतत त्याच्या पायाशी येतो, त्याला दर काही सेकंदांनी ठरवावं लागतं, पास द्यायचा की वळायचं, थांबायचं की मारायचं. शिकणं म्हणतात ते हेच. बाणेर, वाकड, कोथरूड, सिंहगड रस्ता, सगळीकडे टर्फ झाले आहेत. तासावर भाड्यानं मिळणारी ही छोटी मैदानं लहान मुलांसाठी उत्तम आहेत. फक्त जाळीवर आपटून परत येणाऱ्या चेंडूची सवय लागू देऊ नका. मोकळ्या मैदानात चेंडू बाहेर जातो, याचं भान मुलांना राहायला हवं.

मुलगा घडतोय की नाही हे ओळखायचं असेल तर गोल मोजू नका. चेंडू पायाशी येण्याआधी त्याची मान वळते का ते बघा. चांगला खेळाडू पास यायच्या आधी खांद्यावरून मागे नजर टाकतो. कोण जवळ आलंय, कुठे जागा आहे, हे त्याला आधीच कळलेलं असतं. मी सरावात पोरांच्या मागे उभा राहून रंगीत बिब, म्हणजे संघ ओळखायला जर्सीवर घालतात ती बिनबाह्यांची बंडी, हातात धरतो. चेंडू त्यांच्याकडे निघाला की त्यांनी मागे बघायचं आणि चेंडू थांबवता थांबवता रंग सांगायचा. सुरुवातीला दोन्ही जमत नाही. रंग सांगितला तर चेंडू निसटतो, चेंडू धरला तर रंग चुकतो. काही आठवड्यांनी एखादी चिमुरडी न सांगताच मागे बघते, वळते आणि मोकळ्या जागेत निघून जाते. तो क्षण कुठल्याही गुणफलकावर येत नाही, पण माझ्यासाठी तो दिवस सोन्याचा असतो.

पालकांनो, बाहेरून ओरडू नका, ही माझी कळकळीची विनंती. तुमचं प्रेम मला दिसतं. पहाटे साडेपाचला उठून, डबा भरून, मुलाला स्कूटरवर मागे बसवून तुम्ही मैदानावर येता. पण "मार रे, मार!" ही हाक ऐकली की मुलगा विचार करणं थांबवतो आणि चेंडू नुसता भिरकावतो. घरी जाताना "जिंकलास का?" ऐवजी "किती मिनिटं खेळलास?" असं विचारा. आणि उत्तर दर वेळी पाच मिनिटंच येत असेल, तर कोचशी शांतपणे बोला.

कोचलाही समजून घ्यायला हवं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचसाठीच्या परवान्यांची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी वर जाते. डी लायसन्सचा कोर्स करून एखादा तरुण सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या शाळेत, संध्याकाळी टर्फवर शिकवतो. क्लबचा मालक त्याला हंगामाच्या शेवटी एकच प्रश्न विचारत असेल की करंडक कुठे आहे, तर तो उंच मुलालाच खेळवणार. हा प्रश्न वरूनच बदलायला हवा.

वाढीच्या वयातल्या दुखण्यांबद्दलही सांगायला हवं. हाडं लवकर लांबतात, स्नायू मागे राहतात, मग गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागतं. नाटक करतोय असं म्हणून मुलाला पळवू नका. डॉक्टरांना दाखवा, सराव कमी करा. याच काळात कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अडखळू लागतो, त्याला स्वतःचेच पाय सापडत नाहीत. त्याला निवडीतून वगळायची ही वेळ नव्हे.

वय चोरण्याबद्दल मला जराही सहनशीलता नाही. खोटा दाखला काढून चौदा वर्षांचा मुलगा बाराच्या गटात उतरवणं म्हणजे समोरच्या खऱ्या बारा वर्षांच्या मुलाची जागा हिसकावणं. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, तेव्हा बिंग फुटतं, आणि बंदी मुलावर येते. दाखला मोठ्यांनी काढलेला असतो.

मुलींचं म्हणाल, तर २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचे सामने आपल्या बालेवाडीत झाले. आशियातल्या उत्तम खेळाडू आपल्या शहरात खेळून गेल्या. तरीही अनेक क्लबांत मुलींची तुकडी नाही. बारा वर्षांपर्यंत मुली मुलांबरोबर खुशाल खेळू शकतात. घ्या त्यांना.

पुण्याला फुटबॉल नवा नाही. कॅम्प, खडकी, घोरपडी या भागांत तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातोय. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, देशातल्या क्लबांची तेव्हाची मोठी स्पर्धा आय-लीग खेळला, आणि २०१५ च्या सुमारास थांबला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, होता, २०१९ मध्ये तोही गेला. मोठे क्लब गेले की वरची पायरी जाते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला पुढे कुठे जायचं ते कळत नाही. पण खालच्या पायऱ्या आपल्या हातात आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला कुणीतरी लहानपणी रोज सराव दिला होता.

छोट्या क्लबांसाठी आता एक कामाची गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. फिफाच्या नियमानुसार व्यावसायिक खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचा पाच टक्के हिस्सा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. त्यानं कुठला करंडक जिंकला याला या हिशेबात जागाच नाही. तो तुमच्याकडे किती हंगाम नोंदलेला होता, एवढंच बघतात. आणि नेमकी नोंदच आपल्याकडे नसते. मुलगा चार वर्षं येतो, फी वहीत लिहिली जाते, स्पर्धेपुरता कागद भरतो, संपलं.

तेव्हा क्लबचालकांनो, या हंगामात बारा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची महासंघाकडे रीतसर नोंदणी करा, राखीव बाकावरच्यांचीसुद्धा. सोबत एक साधी वही ठेवा. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची, आणि प्रत्येक सामन्यात तो किती मिनिटं खेळला ते. पालकांनो, प्रवेश घेताना ही वही दाखवा म्हणून मागा. ज्या क्लबकडे ती असेल, तिथे आपल्या डिसेंबरातल्या मुलाला बिनधास्त घाला.

नमस्कार.