सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी… पण किल्ली माझ्याकडे!

नमस्कार मंडळी. ही किल्ली बघा. आमच्या मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या स्कूटरची. मागच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळी नागपुरातल्या मानेवाड्याहून निघालो आणि संध्याकाळी पाचला डॉक्टर म्हणाले, न्या घरी. मामाजी लगेच, "आण ना बाप्पा किल्ली, मीच चालवतो!"

याला म्हणतात डे-केअर सर्जरी. मोतीबिंदू, हायड्रोसिल (अंडकोषात पाणी साठणं), आजकाल काही ठिकाणी दुर्बिणीनं पित्ताशयसुद्धा. शेजारचे म्हणतात, "एका दिवसात सोडलं? बिलासाठी घाई केली असंल." तसं नाही जी. ग्लासगोच्या डॉक्टर जेम्स निकोल यांनी 1909 मध्येच लहान मुलांच्या जवळपास 9,000 ऑपरेशनांचा हिशेब मांडला होता. सगळी मुलं त्याच दिवशी घरी गेलेली.

आणि धोका? 1993 मध्ये मेयोचा एक अभ्यास छापून आला. आपलं सीए रोडवरचं मेयो हॉस्पिटल नव्हे हो, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक! डे-केअरच्या 38,598 पेशंटवर महिनाभर लक्ष ठेवलं. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू मिळून 33 जण. त्यातले चार दगावले. दोघं हार्ट अटॅकनं आणि दोघं मोटार अपघातात. म्हणजे जितके हृदयानं गेले, तितकेच रस्त्यावर गेले! पण एक ध्यानात ठेवा, डे-केअरला पेशंट पारखूनच घेतात. शुगर, बीपी, दमा आटोक्यात नसेल तर त्याला हा हिशेब लागू होत नाही.

भूल किंवा गुंगी दिली की 24 तास गाडी नाही, दारू नाही, कुठल्या कागदावर सही नाही. (सातबाऱ्याचं काम त्याच दिवशी काढणारे लोक आहेत आपल्याकडे, म्हणून सांगतो.) आधी सहा तास पोटात अन्न नको. तर्री पोहे तर सोडाच, दुधाचा चहाही अन्नातच धरतात. गर असलेला संत्र्याचा रससुद्धा. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच.

सोडतानाची एक पद्धत गुणांची आहे. बीपी-नाडी, चालणं, मळमळ, दुखणं, रक्तस्राव, प्रत्येकाला दोन गुण. दहापैकी नऊ आले तरच सुट्टी. मामाजी अडले भलत्याच ठिकाणी. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं की मूत्राशयही सुस्तावतं. लघवी होईना. तीन वेळा बाथरूमपर्यंत नेलं, नळ सोडून ठेवला, तेव्हा कुठे झालं.

काटोल-उमरेडकडून येत असाल, तर ती रात्र नागपुरातच नातेवाइकाकडे काढा. सोबत मोठं, जबाबदार माणूस हवं. लहान नात नाही चालत, तिला फोन लावता येत असला तरी. पट्टी रक्तानं भिजली, ताप चढला, उलट्या थांबेनात, लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचा नंबर निघतानाच मागून घ्या, आणि तिथेच लावून बघा. आम्हाला दिलेला पहिला नंबर लागतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊला सिस्टरचा फोन आला. "काकाजी, कसं वाटतं?" मामाजी म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण या जावयाला सांगा ना, किल्ली देत नाही."