लॅबवाल्याचा स्टुडिओ

नमस्कार श्रोतेहो. हॉलिवूड म्हटलं की एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ही बडी घराणी आठवतात. आज ऐकूया एका छोट्या स्टुडिओची कहाणी. नाव, रिपब्लिक पिक्चर्स.

मालक हर्बर्ट येट्स हा मूळचा लॅबवाला. फिल्म धुवायची, प्रिंट काढायच्या, हा त्याचा धंदा. किरकोळ निर्माते उधारीवर काम करून घेत. मंदीत उधारी थकली. त्याच थकबाकीच्या जोरावर 1935 साली येट्सनं मोनोग्राम, मॅस्कॉट अशा सहा छोट्या कंपन्या एकत्र आणल्या आणि रिपब्लिक उभी राहिली. लक्षात ठेवा, मालक लॅबवाला. फिल्मच्या फुटाफुटाचा हिशेब ठेवणारा. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स यांचे स्वस्तातले काउबॉयपट इथले. जॉन वेनसुद्धा इथलाच.

आता माझा आवडता किस्सा. दिग्दर्शक जॉन फोर्ड आयर्लंडमधली एक कथा कित्येक वर्षं उराशी बाळगून होता. बडे स्टुडिओ दाद देईनात. येट्स तयार झाला, पण अट घातली: आयरिश चित्रपटातलेच नट घेऊन आधी एक काउबॉयपट कर, म्हणजे आयरिश चित्रपट बुडाला तरी भरपाई होईल. फोर्डनं 1950 मध्ये ‘रिओ ग्रांदे’ दिला, मग आयर्लंड गाठलं आणि ‘द क्वाएट मॅन’ केला. लांबी भरली 129 मिनिटं. येट्स म्हणाला, दोन तासांच्या वर एक मिनिटही नको!

फोर्डनं वाद घातला नाही. सांगतात ते असं, की कंपनीच्या मंडळींसाठी खास खेळ लावला. ज्या मारामारीची चित्रपटभर वाट पाहायची, ती अखेर जुंपते. वेन आणि व्हिक्टर मॅकलॅग्लन भिडलेत, गाव गोळा झालंय, पैजा लागल्यात... आणि पडदा पांढरा! प्रोजेक्टर बंद. 120 मिनिटं झाली होती. बरोबर 120! पुढचं पाहायला सगळे हटून बसले. येट्सनं हात टेकले, कात्री म्यान झाली.

चित्रपट 1952 साली आला. दिग्दर्शन आणि छायाचित्रण, दोन ऑस्कर मिळाले.

पण स्वस्तातल्या काउबॉयपटांचा प्रेक्षक टीव्हीनं घरीच बसवला. रिपब्लिकनं आपले जुने चित्रपट त्याच टीव्हीला विकले, तरी 1958 च्या सुमारास निर्मिती थांबली. तिचं आवार पुढे सीबीएस या टीव्ही कंपनीनं घेतलं, आणि तिथं टीव्ही मालिकांचं चित्रीकरण सुरू झालं.