गच्ची कोणाची?

(डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंखा एक पॉइंट कमी करा कोणीतरी, कागद उडतायत.

पत्रिकेत विषय छापलाय सोसायटी, सूर्यऊर्जा आणि शाश्वत राहणी, म्हणजे तीन व्याख्यानांचा ऐवज आणि वेळ पन्नास मिनिटं. मी गच्चीपासून सुरुवात करते कारण गेली दोन वर्षं मी डोक्यानं गच्चीवरच राहतेय, आणि माझं म्हणणं एकच आहे ते आधी सांगून टाकते. शहरात सोलर अडतं ते पॅनेलमुळे नाही, पैशामुळे तर अजिबातच नाही, ते अडतं गच्ची सगळ्यांची आहे म्हणून. बंगलेवाल्याचं बरं असतं, नवराबायकोचं एकमत झालं की काम सुरू (तेही सोपं नसतं म्हणताय, बरोबर आहे). आमची गच्ची २८ बिऱ्हाडांची. आणि २८ घरांची गच्ची म्हणजे किल्ली वॉचमनकडे, वर जुने माठ, मोडकी सायकल, केबलवाल्यांच्या वायरी, आणि निर्णय घ्यायला कोणीच नाही.

तुमच्यापैकी कितीजणांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे? हात वर करा. आणि त्यातले कितीजण त्या पाण्यानं अंघोळ करतात? बघा, किती हात खाली आले! आमच्याकडेही तेच होतं. बिल्डरनं बसवून दिले होते, पहिली दोन वर्षं पाणी इतकं कडक यायचं की बादलीत अर्धं गार घालावं लागायचं. मग बोअरचं जड पाणी, काचेच्या नळ्यांत क्षार साचले, एक नळी फुटली, ती बदलायला अठराशे रुपये कोण देणार यावर मीटिंग झाली आणि त्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे म्हणाले आमच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाही, आम्ही का द्यायचे, आणि वरचे म्हणाले मग गच्ची गळते तेव्हा आम्ही एकट्यानं का भोगायचं. अठराशे रुपयांवरून तो हीटर अकरा वर्षं बंद पडून होता. अकरा वर्षं. रोज सकाळी २८ घरांत गीझर लागत होते आणि वर चांगली टाकी गंजत होती. मला हे अजूनही लागतं, कारण ती वस्तू वाईट नव्हती हो, ती कोणाची नव्हती.

म्हणून मी सेक्रेटरी झाले तेव्हा ठरवलं की सोलरचा विषय कोटेशननं सुरू करायचा नाही. कोटेशन आणलं की लोक आकडा बघतात, आणि आकडा बघितला की प्रत्येकाला शंका येते की यात कोणाचं तरी कमिशन आहे. आधी सगळ्यांना वर न्यायचं. आमच्याकडे अशी माणसं होती जी वीस वर्षं त्या बिल्डिंगमध्ये राहून गच्चीवर फक्त कोजागिरीला गेली होती.

२०२३ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आम्ही मुलांना कामाला लावलं. खडूचा एक डबा आणला आणि सांगितलं सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि कठड्याची सावली जिथे संपते तिथे रेघ मारायची आणि वेळ लिहायची. डिसेंबरच का, तर सूर्य तेव्हा दक्षिणेला सगळ्यात खाली असतो, सावल्या सगळ्यात लांब. त्या दिवसात जिथे सावली नाही तिथे वर्षभर जवळपास नाहीच. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा दहा फुटी टाकीची सावली उत्तरेला नऊ फूट पडते, सकाळ-संध्याकाळचं तर विचारूच नका. आणि पॅनेलचं असं आहे की एकावर सावली आली तर त्या ओळीतल्या बाकीच्यांचाही जोर कमी होऊ शकतो, माळेतल्या दिव्यांसारखं. संध्याकाळी गच्चीवर निळ्या-पांढऱ्या रेघांचा पंखा उघडल्यासारखं चित्र झालं होतं. एका पोरानं ४ चा आकडा उलटा काढला होता, तो तसाच ठेवला आम्ही. त्या रात्री जेवणं झाल्यावर लोक मोबाईलचे टॉर्च घेऊन रेघा बघायला वर आले, आपणहून. तीन वर्षं मीटिंगला न आलेले काका मला समजावत होते की पश्चिमेकडच्या नवीन टॉवरमुळे साडेतीननंतर आपलं ऊन जातं.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. खरा विरोध त्यांचा होता आणि तो सगळ्यात रास्त होता. त्या म्हणाल्या, मी कुरडया कुठे घालू? हसू नका, तुमच्या घरातही कोणीतरी घालतच असेल. गहू तीन दिवस भिजवायचे, चीक काढायचा, शिजवायचा, आणि मग ऊन मिळालं नाही तर सगळं आंबून जातं. आजी दर एप्रिल-मे मध्ये आठ घरांच्या कुरडया, पापड, सांडगे घालून देतात, त्यांना त्यातून चार पैसे मिळतात आणि त्याहून मोठं म्हणजे लोक त्यांच्या दाराशी येतात. एजन्सीचा माणूस म्हणाला पॅनेल आठ फूट उंच बसवू, खाली जागा मोकळीच राहील. अहो पण खाली सावली! सावलीत कुरडई वाळते का?

मग आम्ही आजींना लिफ्टनं पाचव्यावर आणि पुढे हाताला धरून गच्चीवर नेलं, रेघा दाखवल्या. त्या टाकीच्या उत्तरेला उभ्या राहिल्या, खडूच्या रेघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, मी इथेच तर घालते, मे महिन्यात इथे सावली नसते. आणि खरंच की! मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, टाकीची सावली टाकीखालीच. म्हणजे जी जागा डिसेंबरातल्या सावलीमुळे पॅनेलला निकामी होती तीच कुरडयांना सोन्यासारखी. इंजिनिअरनं ती जागा नकाशात आधीच फुली मारून सोडली होती. आम्ही त्या फुलीवर लिहिलं, कुरडया. ठरावाच्या नकाशात तो शब्द आजही आहे, आणि पुढे सर्वसाधारण सभेत ठराव मांडला गेला तेव्हा अनुमोदक म्हणून आजींची सही आहे.

सभा झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तुम्हाला माहितीच आहे. तिथे दोन प्रश्न जोरात आले ते सांगते कारण तुमच्याकडेही येतीलच. एक, गच्चीला भोकं पाडून गळती होईल. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूममध्ये पावसाळ्यात पातेली ठेवतात, त्या बोलणारच. तर आम्ही एकही भोक पाडलं नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केला, पण तो वाऱ्यानं उडू नये आणि स्लॅबला झेपावा म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला आधी घेतला, आणि वॉटरप्रूफिंग आधी, सोलर नंतर. हा क्रम चुकवू नका. दोन, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मग कशाला खर्च. यावर मी विचारलं, कधी जाणार? सन २०१२ पासून जातेय ती. पॅनेल नटबोल्टवर असतं, काढून दुसरीकडे लावता येतं आणि पैसे तर तीनेक वर्षांत वसूल होतात.

पैशाचं पटकन. आमचं सोलर १५ किलोवॉटचं, फक्त कॉमन मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज चार युनिट मिळतात. खर्च साडेआठ लाखाच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर ही केंद्र सरकारची अनुदान योजना आली त्यात घरमालकाला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात हे सगळ्यांना पाठ आहे, पण सोसायटीच्या कॉमन वापरालाही किलोवॉटला १८ हजार मिळतात हे फार कमी लोकांना माहीत असतं. आमचे झाले दोन लाख सत्तर हजार. त्यासाठी पॅनेल भारतात बनलेलीच लागतात, कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

आणि आता माझं दुखणं. पॅनेल जानेवारीत वर चढली, पूजा झाली, पेढे वाटले. आणि वीज कंपनीत फाईल अडली. का, तर आमच्या कॉमन मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती ठरलेली मर्यादा, होता १० किलोवॉट आणि सोलर १५ चं. सोलर मंजूर भारापेक्षा मोठं चालत नाही, आधी भार वाढवून घ्या. हे बिलावर छापलेलं असतं हो! दर महिन्याला ते बिल मी स्वतः भरत होते, आणि ज्यांचा हा रोजचा धंदा त्या एजन्सीनंही बघितलं नाही. नवीन अर्ज, नवीन पैसे, पुन्हा तपासणी, दहा आठवडे गेले. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ ऊन, वर पॅनेल चकाकतायत आणि खाली लिफ्ट विकतच्या विजेवर. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बघून यायचे, त्या पॅनेलवर कबुतरं बसलेली असायची. म्हणून हात जोडून सांगते, आज घरी गेलात की सोसायटीचं बिल काढा आणि मंजूर भार हे दोन शब्द शोधा. व्याख्यानातलं बाकी विसरलात तरी चालेल.

नेट मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, लागल्यावर गंमत सुरू होते. दुपारी लिफ्ट रिकामी असते, तेव्हा आपली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यात जाते, रात्री परत घेतो. एप्रिल-मे मध्ये उरलेले युनिट खात्यात साठतात आणि जुलैच्या ढगात खर्च होतात, ३१ मार्चला हिशोब मिटतो. आमचं बावीस-तेवीस हजाराचं बिल आता काही महिने फक्त स्थिर आकारावर येतं. आणि हो, लाईट गेली की सोलरही बंद होतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मला सात फोन आले, एवढा खर्च करून अंधारच? पण खांबावर वायरमन चढलेला असतो, त्यानं लाईन बंद केली आणि आपल्या गच्चीवरून त्याच तारेत वीज गेली तर? म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा, आपोआप थांबतो. हे सांगितल्यावर कोणी तक्रार केली नाही, कारण त्या वायरमनला सगळे तोंडानं ओळखतात.

पंधरा मिनिटं उरली म्हणताय? चिठ्ठीवर दहा लिहिलंय. बरं.

मग जे मुळात बोलायचं होतं ते धावत सांगते. वीज एकत्र येऊन करायची ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. साखर कारखाना सहकारी होऊ शकतो हे प्रवरेनं १९५० मध्ये दाखवलं, आणि श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही तर वीज वाटणारी सहकारी संस्था होती, सुमारे चाळीस वर्षं चालली, थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ मध्ये तो भाग महावितरणकडे गेला. तिच्यावरून सहकार नको असं म्हणणारे भेटतात. मला दिसतं ते असं, की वीज दुसऱ्याकडून विकत घेऊन वाटायची होती आणि बिल वसूल होत नव्हतं. गच्चीवर वीज आपणच करतो, बिल थकायला दुसरा कोणी नाहीच. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी म्हणून गाव आहे, तिथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सोलर पंपांची सहकारी संस्था केली, पंप चालवून उरलेली वीज ग्रिडला विकायला लागले, आणि वीज विकता येते म्हटल्यावर पाणी उगाच उपसणं परवडेना. एका दगडात भूजलही वाचतं. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, शंभरेक घरांचं गाव. शंभर म्हणजे आपल्याकडच्या तीन-चार बिल्डिंगा! आणि १९९९ पासून पाडव्याची शोभायात्रा काढणारं आपलं शहर, पहाटे हजारो माणसं नटूनथटून रस्त्यावर येतात, त्यांना चार बिल्डिंगा जोडता येणार नाहीत हे मला पटत नाही. कोटेशन चार सोसायट्यांचं एकत्र मागवा, भाव खाली येतो आणि साफसफाईलाही एकच माणूस पुरतो. पॅनेल पंधरा दिवसांनी धुवायचीच, आपल्याकडे खणकामाची धूळ आहे, पण उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी नको, सकाळी लवकर.

ओला कचरा. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या चमूनं स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारा छोटा बायोगॅस केला, २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा शिळा भात, पिठूळ पाणी यातून गॅस फार लवकर होतो. आमच्याकडे तो बसवायचा विचार झाला पण गॅस वापरणार कोण हे ठरेना, म्हणून आम्ही खताचा हौद केला. रोज चौदा-पंधरा किलो ओला कचरा, त्यावर तेवढाच सुका पालापाचोळा, वास येत नाही. पालापाचोळा उन्हाळ्यात पोत्यांत भरून ठेवा नाहीतर पावसात हाल होतात. खताचं पहिलं पोतं आजींच्या कढीपत्त्याला गेलं.

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचं राहिलं, त्याचं वेगळं भांडण आमच्याकडे सध्या चालू आहे, पार्किंग कोणाचं यावर. मिटलं की येऊन सांगेन.

आणि तो जुना वॉटर हीटर. नळ्या बदलल्या, अठराशेचे आता जास्त लागले. वरचे दोन मजले त्याचं पाणी वापरतात आणि देखभालीचं तेच देतात, खालच्यांनी काही द्यायचं नाही असा ठराव झाला. हे दोन वाक्यांत अकरा वर्षांपूर्वीही होऊ शकलं असतं.

येत्या रविवारी सकाळी दहाला ज्यांना गच्ची बघायची आहे त्यांनी या. लिफ्ट पाचव्यापर्यंतच आहे, पुढे वीस पायऱ्या, कठडा आहे धरायला. टोपी आणा, आणि चपला वर काढू नका, गच्ची तापते. डिसेंबरचे खडू मी जपून ठेवलेत, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावेत.