गोळ्यांचा डबा आणि निवृत्तीची तारीख

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर स्टीलचा एक चपटा डबा असतो. त्यात ह्यांच्या गोळ्या. सकाळची शुगरची, नाश्त्यानंतरची बीपीची, रात्रीची कोलेस्टेरॉलची. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल, नाहीतर फ्रिजवर गोळ्यांची पिशवी असेल. असा डबा ज्याच्या नावाचा आहे तो माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्या मेडिक्लेमचं काय करायचं, यावर मला आज बोलायचंय. पण आधी आमच्या डब्याची गोष्ट सांगते.

साल २०२१, जुलै महिना. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि दवाखान्याची बिलं काय असतात ते आमच्या सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. हे तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात होते, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. कंपनीची ग्रुप पॉलिसी होती, त्यात मीही होते. स्वतःची पॉलिसी काढू या म्हटलं की हे म्हणायचे, "अगं, कंपनीचं आहे ना!" पण कंपनीचं ते नोकरी आहे तोवर. शाल-श्रीफळ हातात पडलं की कार्ड बंद. नवऱ्याचं बंद, आणि त्याच्याबरोबर बायकोचंही बंद.

शेवटी मीच मागे लागले आणि एक एजंट घरी आला. ओळखीतलाच मुलगा, मला काकू म्हणणारा. फॉर्म भरता भरता प्रश्न आला, मधुमेह आहे का? हो की नाही? तो मुलगा सहज म्हणाला, "काका, गोळीवर कंट्रोल आहे ना? मग 'नाही'वर टिक करा. उगाच हप्ता वाढेल, नाहीतर फॉर्मच परत येईल." ह्यांचं पेन 'नाही'च्या चौकटीवर टेकलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. पुढे झाले, गोळ्यांचा डबा उचलला आणि फॉर्मवर ठेवला. म्हटलं, "अहो, 'नाही' लिहायचं असेल तर हा डबा कुठे लपवायचा तेवढं आधी सांगा."

हे चिडले. परक्या मुलासमोर मी असं बोलले म्हणून चिडले. पण डबा बाजूला सरकवून त्यांनी लिहिलं, 'हो, २०१० पासून'. खालच्या ओळीत बीपी, 'हो'.

आणि तो मुलगा म्हणाला तसंच झालं. फॉर्म परत आला. पॉलिसी नाकारली. दहा दिवस घरात बोलणं कमी होतं. मग मी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म आणला, तोही खराखुरा भरला. त्यांनी रक्त-लघवी तपासली, ईसीजी काढला, हप्ता वाढवून सांगितला आणि अट घातली, शुगर आणि बीपीमुळे होणाऱ्या आजारांना तीन वर्षं काही मिळणार नाही. हे म्हणाले, "तीन वर्षं फुकट पैसे भरायचे?" मी म्हटलं, "तीन वर्षं कंपनीचं कार्ड आहेच की. थांबायची वर्षं नोकरीतच संपवू."

श्रोतेहो, एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा. थांबायची वर्षं नोकरीतच संपवायची.

२०२४च्या ३१ जुलैला हे निवृत्त झाले. सप्टेंबरात नवीन बूट चावला. करंगळीला जखम, दोन दिवसांत पाऊल सुजलं, ताप चढला. शुगरवाल्यांना पायाची जखम कळतच नाही लवकर. जाता जाता सांगते, रोज रात्री तळपाय बघत जा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. रात्री एकला ह्यांना ॲडमिट केलं. ड्युटीवरची डॉक्टर पोरगी केसपेपर घेऊन आली. "काका, शुगर कधीपासून?" हे तापाने फणफणलेले, तरी लगेच म्हणाले, "२०१० पासून. चौदा वर्षं झाली." तिने लिहून घेतलं. आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कारण केसपेपरवरची ही ओळ सरळ विमा कंपनीकडे जाते. तिथे ती तुमच्या फॉर्मवरच्या ओळीशी ताडून बघतात. तापात, रात्री एकला, डॉक्टरशी कोणी खोटं बोलत नाही, बोलूही नये. मग फॉर्मवर 'नाही' आणि केसपेपरवर 'चौदा वर्षं' असेल तर क्लेम तिथेच अडकतो. आम्हालाही प्रश्न आलाच, मधुमेह कधी निघाला, कागद पाठवा. मी फॉर्मची झेरॉक्स आणि २०१०चा पहिला रिपोर्ट पुढे केला. संध्याकाळी मंजुरी आली. तीन वर्षं पूर्ण होऊन दोन महिनेच झाले होते.

एक चूक मात्र झाली. पुतण्याने गडबडीत काकांसाठी चांगली म्हणून ८००० रुपये रोजाची खोली घेतली. आमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा ५०००. मला वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतं. त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही कापतात. आठातले पाच त्यांचे, तीन आपले. औषधांना ही कात्री लागत नाही, पण जे कापलं ते खिशातून गेलं. तेव्हा पॉलिसी घेताना खोलीची मर्यादा नाही अशी मिळत असेल तर ती घ्या, हप्ता थोडा जास्त असला तरी.

आता नियमाचं थोडक्यात. एप्रिल २०२४पासून आधीच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते, पूर्वी ती चार होती. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही असंही आता राहिलेलं नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की आजार सांगितला नव्हता म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पण पाच वर्षांचा हिशेब करून आजार लपवू नका. आजारपण पाच वर्षं थांबत नाही.

निवृत्ती तोंडावर आली असेल आणि स्वतःची पॉलिसी नसेल, तर एचआरमध्ये जाऊन विचारा, ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तशी सोय आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांबायच्या वर्षांत धरली जातात. विमा कंपनी तब्येत तपासू शकते. हे निवृत्तीच्या आधी विचारायचं. आधी. निरोप समारंभात चांदीचा गणपती देतात, भाषणं होतात, सगळं छान असतं. पण मला मनापासून वाटतं की त्या गणपतीबरोबर माणसाच्या हातात आजवरच्या विम्याचा दाखला द्यायला हवा. तीस वर्षं राबलेल्या माणसाला तेवढं मिळावं.

नवरा-बायकोत एकालाच जुना आजार असेल तर माझं मत, दोघांच्या पॉलिसी वेगळ्या काढा. एकत्र पॉलिसीत एकाच्याच दवाखान्यात सगळी रक्कम संपली तर दुसऱ्याने काय करायचं? को-पेमेंटचा रकानाही वाचा. वीस टक्के लिहिलं असेल तर दर लाखामागे वीस हजार आपले.

हप्त्याची भीती असते, मलाही आहे. पण २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आधी विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाशी बोलावं लागतं. आणि घरात कोणी सत्तरीच्या पुढे असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारांना थांबायचं नाही. खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. माझ्या सासूबाईंचं मी काढलं.

बायकांना एक सांगते. घरातल्या बाईला डाळीचा डबा अंधारात सापडतो, पण नवऱ्याचा पॉलिसी नंबर माहीत नसतो. त्या रात्री फाइल माझ्या हाताशी होती म्हणून निभावलं. फाइलमध्ये फॉर्मची झेरॉक्स हवी, आजाराचा पहिला रिपोर्ट हवा. पटत नाही अशा कारणाने क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि पैसे लागत नाहीत.

आमच्या पॉलिसीचं नूतनीकरण १८ जुलैला असतं. विमा कंपनी बदलायची असेल तर किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे ३ जूनपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी ३ जूनलाच लाल पेनाने गोल करून ठेवलाय. मेच्या शेवटी मी आणि हे टेबलावर बसतो, डबा बाजूला सरकवतो आणि नव्या हप्त्याचं पत्र ओळीओळीने वाचतो.

नमस्कार.