उद्धट म्हणजे किती वाजता?

(बाल व युवा संगोपन कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्या दिवशी झालेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून संपादित.)

मागे आवाज पोचतोय का? नाही? थांबा. हां, आता आला. या मुलाचे आभार. तो धावत आला, वायर उपटली, पुन्हा खोचली आणि गेलासुद्धा. त्याला लक्षात ठेवा, मला पुढे त्याचं काम आहे.

पत्रिकेत विषय छापलाय, 'बाल व युवा संगोपन : करिअर आणि प्रशिक्षणाच्या दिशा'. भारदस्त आहे. दिशा सांगते मी, चारही सांगते, पण त्याआधी माझं एक तुणतुणं आहे ते वाजवून घेते. बत्तीस वर्षं वाजवतेय. आयोजकांना पाठ झालंय. तुम्ही नवे आहात, सापडलात. (हशा)

माझं म्हणणं एवढंच की या कामाचं शिक्षण मानसशास्त्रापासून सुरू करू नये, नोंदवहीपासून करावं. आपलं ते रजिस्टर. पाळी संपताना घाईघाईनं चार ओळी खरडतो ना, 'सर्व मुले ठीक, विशेष काही नाही', ते. समोर दोन-तीन माना हलल्या, म्हणजे काही जण आधीपासून कामावर आहात तर.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या वसतिगृहात मी कामाला लागले तेव्हा मला बालविकासाचे टप्पे तोंडपाठ होते. आसक्ती, वंचितता, समवयस्कांचा दबाव, झोपेतून उठवलं तरी सांगितले असते. माझ्याकडे चौदा मुलं होती आणि त्यांत एक नऊ वर्षांचा होता. नाव सांगत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत माझं आणि त्याचं रोज वाजायचं. आमच्याकडे एक थोरल्या बाई होत्या, सगळे अक्का म्हणायचे. शिक्षण बेताचं, चष्म्याला दोरी. त्या रजिस्टर वाचायच्या. वाचायच्या म्हणजे खरोखरच वाचायच्या, नुसती सही नाही करायच्या. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. माझी पंधरा पानं उघडी आणि हातात लाल पेन्सिल. 'उद्धट' सहा वेळा, 'हट्टी' चार वेळा, 'मुद्दाम त्रास देतो' तीन वेळा. प्रत्येकाभोवती गोल.

मला म्हणाल्या, "अगं, हा उद्धट म्हणजे किती वाजता?"

मी म्हटलं, "अक्का, उद्धट म्हणजे... उद्धटच आहे तो."

"चोवीस तास? झोपेतपण?" मग पान उलटलं. "आणि हा इथे 'गोड' लिहिलायस. हा कोण, दुसरा का?" (हशा)

मग त्यांनी दंडक घातला. महिनाभर विशेषण लिहायचं नाही. काय दिसलं, काय ऐकू आलं, कधी, कुठे, आसपास कोण होतं, एवढंच लिहायचं. सोपं वाटतं ना? करून बघूया. मघाशी तो मुलगा वायर जोडून गेला. त्याच्याबद्दल एक वाक्य सांगा. हां, तुम्ही. "तत्पर." बरं. तत्पर किती वाजता? (हशा) अजून कोण? "मदत करणारा." तुम्ही? "वायर काढून परत लावली." वा! पण ती आधी दोनदा हलवून बघितली होती आणि स्टेजकडे न बघता तो डाव्या दारानं गेला, हे कुणी पाहिलं? मीही अर्धंच पाहिलं. आणि आपण इथे दीडशे माणसं निवांत बसलोय. वसतिगृहात संध्याकाळी चौदा मुलं असतात, त्यांतला एक रडत असतो आणि फोन वाजत असतो.

असो. तर विशेषणं बंद झाल्यावर माझं रजिस्टर असं दिसायला लागलं : '७.३५ – शेजारच्याच्या वहीचं पान फाडलं.' '७.४० – बादलीला लाथ.' '७.३० – आतून कडी लावून बसला.' सकाळी काही नाही. शाळेतून आल्यावर काही नाही. आठ-दहा दिवसांत आंधळ्यालाही दिसावं असं झालं, फक्त मला दिसेना. अक्कांनी विचारलं, "साडेसातला तू काय करतेस?" म्हटलं, मी कुठे काय करते? "तेही लिही."

लिहिलं. साडेसातला मी कपाटाला कुलूप लावायची आणि खुंटीवरची पिशवी काढायची. माझी पाळी आठला संपायची.

आता तुम्हाला वाटेल, कळलं आणि सुटलं. छे! मी शहाणपणा केला. पिशवी दुपारीच ऑफिसात नेऊन ठेवायला लागले, म्हणजे त्याला निघण्याची चाहूल लागणार नाही. तिसऱ्या दिवशी तो चार वाजल्यापासून फाटकापाशी उभा. कारण आता मी कधीही नाहीशी होऊ शकत होते! अक्का इतक्या चिडल्या की दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लपवतेस काय? सांग त्याला." तेव्हापासून सात वाजता सांगायचं : आज रात्री अमुक ताई आहेत, मी परवा दुपारी दोनला येणार. परवा दोनला तो फाटकात हजर, माझी हजेरी घ्यायला. एकदा मला दहा मिनिटं उशीर झाला. तो काही बोलला नाही. त्या संध्याकाळी बादली वाजली. ७.४०. (हशा)

लाथा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. चार महिन्यांनी त्याला दुसऱ्या संस्थेत हलवलं, वयोगटाचं काहीतरी कारण होतं. आणि माझ्या पोटात अजून ढवळतं ते इथे. आठवड्याभरात तिथून फोन आला. पलीकडचा माणूस पहिलंच वाक्य बोलला, "तुमच्याकडून आलेला तो उद्धट मुलगा..." फाइल वाचली होती त्यानं. माझी पहिली पंधरा पानं. पुढची पानं वाचायला कुणाला वेळ असतो?

पोरगं एका पेटीत दोन कपडे घेऊन जातं, पण त्याची विशेषणं मात्र फाइलभर असतात. मी नंतर अनेक प्रशिक्षणांना गेले. फोल्डर मिळाला, चेंडू फेकून नाव सांगायचा खेळ झाला, तोही दर वेळी, माझं नाव आता त्या चेंडूला पाठ असेल. शेवटी प्रमाणपत्रासह फोटो. एकदा दोन दिवसांच्या कार्यशाळेत मी उठून विचारलं, रजिस्टर कसं लिहायचं ते कधी घेणार? प्रशिक्षक म्हणाले, "तो प्रशासकीय भाग झाला." त्यांनी रात्रपाळी कधी केली होती, हे विचारायचं मी टाळलं. सभ्यता म्हणून. (हशा)

हे अक्कांचंच खूळ असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर जेम्स रॉबर्टसनबद्दल वाचलं आणि टाळी वाजवावीशी वाटली. १९४१, लंडनवर बॉम्ब पडताहेत. हॅम्पस्टेड भागात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बालमनोविश्लेषकांनी युद्धात आईबापांपासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं काढलेली. तिथे हा रॉबर्टसन लागला तो बॉयलर बघायला आणि मोडतोड दुरुस्त करायला. पण तिथे नियम होता की काम कुठलंही असो, प्रत्येकानं मुलांचं जे दिसेल ते कार्डावर लिहायचं, आणि मग त्यावर बैठकीत चर्चा. म्हणजे बॉयलरवालासुद्धा लिहितोय! बघणं ही पदवीधरांची मक्तेदारी नव्हे, हे त्या दोघींना कळलं होतं.

पुढे १९४८मध्ये तो आईपासून तुटलेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांकडे आला आणि रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांकडे बघत बसला. तेव्हा आईबापांना भेटायला अगदी मोजका वेळ मिळायचा. मूल आधी आकांत करायचं, मग गप्प पडायचं, मग शांतपणे खेळायला लागायचं, आई आली तरी तिच्याकडे बघायचं नाही. परिचारिका म्हणायच्या, रुळलं. शहाणं झालं. बघा, पुन्हा विशेषण! रॉबर्टसन म्हणत होता, हे रुळणं नाही, हे हाय खाणं आहे. कुणी ऐकेना. तेव्हा त्यानं कॅमेरा घेतला आणि किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. मला सगळ्यात आवडतं ते हे, की चित्रात भिंतीवरचं घड्याळ दिसतं. सोयीचे तेवढे क्षण निवडले असं कुणी म्हणू नये म्हणून. किती वाजता, ते दिसतं. १९५२मध्ये तो चित्रपट डॉक्टरांसमोर दाखवला तेव्हा बरेच जण संतापले. १९५९मध्ये सरकारी समितीनं आईबापांना मुलांना भेटण्याची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. अर्थात, त्याआधी कितीतरी...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. अरे देवा. दिशा राहिल्या ना सगळ्या! (हशा) भरभर घेते, लिहून घ्या.

पहिलं, हा व्यवसाय आहे, समाजसेवेची हौस नव्हे. डेन्मार्कमध्ये यासाठी साडेतीन वर्षांची पदवी आहे आणि तिचा मोठा भाग प्रत्यक्ष कामात जातो. दक्षिण आफ्रिकेत संगोपन कार्यकर्त्याला कायद्यानं स्थापन झालेल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. उत्तर अमेरिकेत व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी पाच क्षेत्रांतली तयारी बघतात : व्यावसायिक वर्तन, विविधतेचं भान, मानवी विकासाचं उपयोजन, नातं आणि संवाद, आणि विकासाला हातभार लावणारी रोजची कामाची पद्धत. त्या शेवटच्या क्षेत्रावर दुप्पट वेळ घाला. १९६९च्या एका अमेरिकी पुस्तकाचं नावच 'बाकीचे तेवीस तास' अशा अर्थाचं आहे. समुपदेशक एक तास भेटतो, उरलेले तेवीस तुमचे. उठवणं, आंघोळ, अभ्यास, दिवे घालवणं. भांडणं बहुतेक एका गोष्टीतून दुसरीत जाताना होतात, तेव्हा तिथे उभं राहायला शिका.

दुसरं, संतापलेल्या मुलासमोर आवाज खाली आणायचा, अंतर ठेवायचं, दार अडवायचं नाही. हे वाचून येत नाही, एकमेकांवर सराव करून घ्या. तिसरं, देखरेख. म्हणजे तपासणी नव्हे. दर आठवड्याला अनुभवी माणसासमोर बसून 'मला त्या मुलाचा राग का आला' हे बोलता आलं पाहिजे. नोकरी घेताना पगाराबरोबर हेही विचारा. अशी सोय नसेल तर वर्षभरात तुम्ही सोडाल किंवा निबर व्हाल. चौथं, गुपितं. मूल म्हणेल, कुणाला सांगू नका. असं वचन आधी देऊ नका. त्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे आधीच सांगा. पाचवं, मूल अठराचं होऊन संस्थेबाहेर पडतं, त्यानंतरचं. यावर खरं तर वेगळं व्याख्यान...

दुसरी चिठ्ठी. बरं, शेवटचं. पुन्हा नोंदवहीच आहे, माफ करा. ब्रिटनमध्ये ग्रॅहॅम गॅस्किन नावाच्या माणसानं, ज्याचं बालपण स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात गेलं, स्वतःची फाइल बघायला मागितली. सगळी मिळेना. तो युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला : अशा माणसाला आपलं बालपण समजून घेण्यासाठी ही माहिती मिळण्यात जिव्हाळ्याचा हक्क आहे, आणि द्यायची की नाही हे ठरवायला निःपक्ष यंत्रणा हवी. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारही आला. म्हणजे आपल्या रजिस्टरचा खरा वाचक अधीक्षक नाही. तो सध्या नऊ वर्षांचा आहे.

माझा तो मुलगा आता एकेचाळीसचा असेल. निवृत्त होताना मी पत्र लिहून विचारलं होतं, त्या फाइलमधले ते सहा शब्द खोडता येतील का. उत्तर आलं, मूळ नोंदीत खाडाखोड करता येत नाही. तसा नियम मीच तुम्हाला उद्याच्या तासाला शिकवणार आहे.

वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात. जाताना एकेक घ्या, आणि त्या माइकवाल्या मुलालाही द्या.