६४१ ने भाग जातो

पडद्यावरची संख्या नीट पाहा. ४,२९,४९,६७,२९७. चार अब्जांच्या पुढची. २ चा ३२ वा घात करायचा, त्यात १ मिळवायचा, की ही हजर.

१६४० च्या सुमारास फ्रान्समध्ये गणिती पिएर द फर्मा अशाच संख्यांची रांग तपासत होते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. दर वेळी २ चा घात दुप्पट करायचा आणि १ मिळवायचा. या पाचही संख्या मूळ आहेत. सहावी आपली. तीही मूळ, तिच्या पुढच्या सगळ्याही मूळ, असं फर्मा यांना ठामपणे वाटत होतं. सिद्धता मात्र हाती नव्हती.

१७३२ मध्ये गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिलं, की हिला ६४१ ने भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

आपल्या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे. विभाजक असलाच, तर सगळ्यात लहान तिथपर्यंतच सापडणार. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसायचं का? नाही. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग त्या विभाजकाने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते (म्हणजे नि:शेष भाग जायला १ कमी पडतो), ६४ व्या घाताची १. त्याआधी १ कधीच येत नाही. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचं. आणि खुद्द फर्मा यांचाच सिद्धांत सांगतो, की विभाजकातून १ वजा केला तर उरलेल्या संख्येला या ६४ ने नि:शेष भाग गेलाच पाहिजे. तेव्हा तपासायच्या मूळ संख्या एवढ्याच: १९३, २५७, ४४९, ५७७... आणि पाचवी ६४१!

सगळ्यात देखणा भाग आता येतो. कागद-पेन्सिल घ्या.

६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६.

पहिल्या मांडणीनुसार, ६४१ ने भागल्यावर ५ गुणिले १२८ ची बाकी उणे १. त्याचा चौथा घात केला की बाकी १. पण ५ चा चौथा घात ६२५, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. आता दुसरी मांडणी वापरा: ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा. १६ आणि २ चा २८ वा घात यांचा गुणाकार म्हणजे २ चा ३२ वा घात. त्याची बाकी उणे १. त्यात १ मिळवा. बाकी शून्य! मोठा भागाकार करावाच लागला नाही.

रांगेतल्या सातव्या संख्येचे अवयव १८८० मध्ये मिळाले. त्यातला लहान २,७४,१७७. पहिल्या पाचांनंतर या रांगेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १, ही याच रांगेतली. ती मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही मूळ विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.