दुखत असेल तर पान्हा फुटत नाही

(जागतिक स्तनपान सप्ताहात नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढे सातव्या-आठव्या महिन्याच्या मुली दिसतायत, मागे त्यांच्या आया आणि सासवा, आणि दाराशी काही पुरुष मंडळी उभी आहेत. आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत. दूध काढायच्या पंपाचं बिल बहुतेक घरांत तुम्हीच भरणार, तेव्हा बसून ऐका.

मी स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, कोणता पंप चांगला?" त्यावर मी उलट विचारते, "दिवसभर बाळ कुठे असणार आणि तुम्ही कुठे असणार?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कुठलंच नाव सांगत नाही. फीडिंग बाटलीची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद आहे. पंपाची मात्र जोरात चालते, आणि ती बघून घरात आलेले कितीतरी पंप महिन्याभरात माळ्यावर जातात.

आई घरी आहे, बाळ नीट ओढतंय, वजन वाढतंय, अशा घरात पंप लागतच नाही. हल्ली बाळंतविड्याच्या यादीत तो येऊन बसलाय, ते सोडून द्या. कधी छाती दाटली, कधी दोन तास लग्नाला जायचं असलं, तर हाताने दूध काढता येतं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे. आधी छातीकडे आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक तर हातानेच काढावा. तो दाट आणि थेंबाथेंबाने येतो, पंपात निम्मा छातीला लावायच्या कपाला चिकटून वाया जातो. फार तर एक साधा हाताचा पंप घ्या. त्याला वीज लागत नाही, आवाज नाही, पर्समध्ये मावतो.

आता नोकरीवाल्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे बाळ सहा महिन्यांच्या आतबाहेर असताना तुम्ही परत कामावर. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा हवी, असंही कायदा सांगतो. इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या किती कंपन्यांत ते दिसतं, हे तुम्ही मला सांगा. मला भेटणाऱ्या बऱ्याच मुली स्टोअर रूममध्ये, दाराला खुर्ची लावून दूध काढतात. अशा मुलीला मी दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, चार्ज होणारा विजेचा पंप सांगते. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि डबा खायला वेळ उरतो. एकेरी पंपावर तेवढ्याच कामाला जवळपास दुप्पट वेळ जातो, आणि सुपरवायझर घड्याळ बघत असतो.

ब्लाउजच्या आत बसणारे बिनवायरचे पंप आलेत. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण माझ्या अनुभवात बऱ्याच जणींची छाती त्यांनी पूर्ण रिकामी होत नाही, आणि कप नीट मध्यावर बसलाय का तेही दिसत नाही. दुसरा पंप म्हणून ठीक. सगळा भार त्यावरच टाकायचा असेल तर मी "थांबा" म्हणते.

आणि एक हिशेब करून ठेवा. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला तासाला साधारण २५ ते ३० मिली दूध लागतं. तुम्ही दहा तास बाहेर असाल तर २५० ते ३०० मिली झालं. त्यासाठी फ्रीजर गच्च भरून ठेवायची गरज नसते. उद्याचं दूध आज काढायचं, एवढंच.

तिसरा प्रकार सगळ्यांत अवघड. बाळ काचेच्या पेटीत आहे, ओढू शकत नाही. इथे दुकानातला पंप विकत घेऊ नका. हॉस्पिटलमध्ये वापरायचे मोठे पंप असतात, ते अनेक आयांनी वापरायलाच बनवलेले असतात, प्रत्येकीची नळी आणि कप वेगळे. आधी हॉस्पिटलमध्ये विचारा, भाड्याने मिळतो का ते पाहा. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची आणि चोवीस तासांत आठेक वेळा काढायचं, रात्रीही. तरीही कमी पडलं तर दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध हा मार्ग आहे. आशियातली पहिली दूध बँक १९८९ मध्ये आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आता मला ज्यासाठी खरं बोलायचंय तिथे येते. खोक्यावर किंमत असते, बॅटरी असते, किती पातळ्या आहेत ते असतं. दुखेल की नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि दूध येणार की नाही ते बरंचसं त्यावरच ठरतं. मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटलं की पान्हा फुटतो. दुखणं, भीती, घाई, बाहेरून कुणीतरी वाजवलेली कडी, हे सगळं त्याला अडवतं. म्हणून आरामाला मी चोचला म्हणत नाही. पंप निवडताना मी तोच पहिला बघते.

अंबडला काम करणारी एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. चांगला महागाचा पंप, ओढीचा आकडा शेवटच्या पातळीवर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मशीन आहे ते, थोडं दुखणारच." ती म्हणाली, "आई, आता नुसती पिशवी बघितली तरी धडकी भरते मला." तिने लावून दाखवला. निपलबरोबर भोवतालचा काळा भागही कपाच्या नळीत खेचला जात होता आणि काढल्यावर मुळाशी लाल वळ उठला होता. खोक्यात आलेला कप २४ मिलिमीटरचा, तिला लागत होता १९ चा. बहुतेक खोक्यांत २४ चा, नाहीतर २८ चा कप असतो, आणि १७, १९, २१ लागणाऱ्या बायका खूप आहेत. कप बदलला, आकडा खाली आणला. दूध आलं आणि ती रडली नाही.

माप घ्यायला कंपासपेटीतली पट्टी पुरते. पाजण्याआधी निपलची रुंदी बुडाशी मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यात शून्य ते तीन मिलिमीटर मिळवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या निघू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कप लहान असेल तर निपल भिंतीला घासतं, पांढरं पडतं, चीर जाते. मोठा असेल तर त्या मुलीसारखं होतं. प्रत्येक वेळी नवा पंप घ्यावा लागत नाही, आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात.

ओढ किती ठेवायची? ओढ रक्तदाबासारखी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात; बऱ्याच पंपांची कमाल ओढ २५० च्या आसपास असते आणि दुकानदार तो आकडा अभिमानाने सांगतो. विहिरीत पाणी उतरलं नसेल तर मोटार कितीही चालवा, नुसती हवा ओढते. आधी हलकी, भराभर ओढ द्यायची, बाळ सुरुवातीला चुटूचुटू ओढतं तशी. धार लागली की संथ आणि जरा खोल. हे दोन टप्पे वेगवेगळे लावता येतात का, ते दुकानात विचारा. ओढ वाढवत न्या, टोचायला लागलं की एक पायरी खाली या. तीच तुमची पातळी, मैत्रिणीची काही का असेना.

जावेचा जुना पंप वापरू का, असं एकीने चिठ्ठीत विचारलंय. नको. घरगुती पंप एकीसाठीच बनवलेला असतो. ज्यात दुधाचा मार्ग आणि मोटार यांच्यामध्ये पडदा नसतो, त्यात ओलावा नळीतून मोटारीत जातो, बुरशी धरते, आणि तिथे हात घालून धुता येत नाही. नवा घेतानाही पडद्याचा, म्हणजे बंद रचनेचाच घ्या. आणि चोचीसारखा छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह सुटा मिळतो का हे आधी विचारा. तो काही महिन्यांत सैल पडतो, ओढ कमी होते, आणि घरात मात्र "दूध आटलं" म्हणून मेथीचे लाडू वळायला घेतात. आधी व्हॉल्व्ह बदला, लाडू नंतर.

काढलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे चाळीशी, तेव्हा तो हिशेब विसरा आणि लगेच थंड करा. बर्फाच्या पॅकच्या पिशवीत चोवीस तास राहतं, त्यामुळे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन करणारीलाही जमतं. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही दारात नाही, आत मागच्या बाजूला. देताना वाटी कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. पाजायला वाटी-चमचा किंवा तुमचं जुनं बोंडलं घ्या, आजी. बाटलीची गरज नाही.

"पाजल्यावर काढलं तर तीसच मिली येतं, दूध कमी आहे का?" पाजून झाल्यावर तीस मिली म्हणजे छान आहे की. पंपातल्या आकड्यावरून दूध मोजू नका. बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा चांगली लंगोटी ओली करतंय का आणि वजन वाढतंय का, ते बघा.

शेवटचा प्रश्न दारातल्या एका भावाचा आहे, "आम्ही काय करायचं?" धुवा. दुधाला लागलेला प्रत्येक भाग, प्रत्येक वेळी, गरम पाणी आणि साबणाने, वेगळ्या टोपात. खरकट्याच्या सिंकमध्ये नाही. मग स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा दिवस भरण्याआधी झालेलं असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळा. आणि पातेलं गॅसवर ठेवून मॅच बघायला जाऊ नका. पाणी आटलं की ते व्हॉल्व्ह तळाला चिकटतात, आणि रात्री अकरा वाजता नवा व्हॉल्व्ह कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही.